तात्यांचा रोमला एकच प्रश्न

सुरतेत साड्यांना लेस लावण्याचं काम चालणाऱ्या प्रत्येक घरात पलंगाखाली एक गोणी असते. उरलेले काठ, तुटके धागे, चुकीचा रंग आलेली पट्टी, सगळं त्यात जातं. फेकायचं कोणाच्या जिवावर येत नाही आणि ठेवून काय करायचं तेही कोणाला ठाऊक नसतं. आमच्या रविवारच्या वर्गाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. परवा मैत्रिणीला एक सांगायला गेले, तर त्याच्या टोकाला दुसरा लटकत आला. म्हटलं, एकदा गोणी उलटीच करावी.

वर्ग भरायचा पर्वत पाटियाच्या मागे, आमच्या समाज मंडळाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. मी इतिहासात बी.ए. झाले तेव्हा घरातल्या मोठ्यांना वाटलं, आता ही गप्प बसेल आणि स्थळं बघू देईल. मी वर्ग काढला. बाहेरून बी.ए. करणाऱ्यांसाठी, रविवारी सकाळी नऊ ते बारा, फुकट. हॉलची किल्ली सुभाषकाकांकडे. माझे सख्खे काका, मंडळाचे अध्यक्ष, आणि 'लोक काय म्हणतील' हे लोकांच्या आधी म्हणणारे गृहस्थ.

विद्यार्थी दोन. पहिला गजानन, यवतमाळकडचा, डाइंग हाऊसमध्ये कामाला. त्याच्या नखांचा रंग दर रविवारी वेगळा असायचा. दुसरी वत्सलामावशी, अमळनेरची, वय बेचाळीस, एका मराठी शाळेत शिपाई. झाडणं, पाणी भरणं, ऑफिसात चहा नेणं आणि दर तासाला टोल देणं, हे तिने सोळा वर्षं केलं होतं.

मावशीचा एकच पेपर राहिला होता: प्राचीन रोमची अर्थव्यवस्था. पहिल्यांदा सुरतेत प्लेग आला त्या पळापळीत तो बुडाला, दुसऱ्यांदा सहा मार्कांनी गेला. आणि आता घाई होती. शाळेचा कारकून उन्हाळ्यात रिटायर होणार होता. शिपायांत कोणी पदवीधर असेल तर त्या खुर्चीवर पहिला हक्क त्याचा. नसेल तर बाहेरचा माणूस. मावशीला ती खुर्ची हवी होती. आणि तिच्या नि खुर्चीच्या मध्ये अख्खं रोम उभं होतं.

तिसरे तात्या. ते विद्यार्थी नव्हतेच. आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर होते, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे, रिटायर झाल्यावर हॉलमध्ये पेपर वाचायला यायचे. लूमच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. कुजबुजले तरी रस्त्यावर ऐकू जायचं. मला ते पहिल्या दिवसापासून नको होते.

* * *

पहिल्याच रविवारी मी मोठ्या थाटात सुरुवात केली. रोमन लोकांची जहाजांची कर्जं. व्यापाऱ्याने जहाजासाठी पैसे उचलायचे. जहाज सुखरूप आलं तर जबर व्याजासकट फेडायचे, बुडालं तर कर्जही बुडालं. मला ही व्यवस्था फार आवडते. दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी समुद्राच्या भीतीला भाव लावला होता.

गजानन म्हणाला, "बुडालं म्हून सांगितलं आन् माल दुसरीकडंच इकला तर?"

"म्हणून सावकार जहाजावर आपला माणूस पाठवायचा."

"म्हंजे ट्रकमागं पाठवतेत तसा."

एवढ्यात पेपरमागून तात्या गरजले, "त्या माणसाचे पैसे कोणी दिले?"

मी म्हटलं, "तात्या, हे परीक्षेला नाही."

"परीक्षेला नसेल. पण खर्चाला असेल ना?"

मला उत्तर येत नव्हतं, याचा मला जास्त राग आला. आठवडाभर लायब्ररीत पुस्तकं उपसली. सापडलं. रोमन कायद्यात हा प्रश्न खरंच आलेला होता: त्या माणसाचा खर्च कर्ज घेणाऱ्याकडून वसूल करायची सोय होती, आणि किती घ्यायचा त्याला मर्यादाही होती.

पुढच्या रविवारी मी तात्यांना हे सांगितलं. वाटलं, खूश होतील.

"मग?" तात्या म्हणाले. "लूम बिघडला की कारागिराचा रोज कापायचे. त्यात नवीन काय?"

* * *

तेव्हापासून तो प्रश्न आमच्या वर्गाला चिकटला. रस्ते बांधले, पैसे कोणी दिले? सैन्य पाठवलं, पैसे कोणी दिले? मी आधी चिडायचे. मग लक्षात आलं, माझ्या कॉलेजच्या तीन वर्षांत इतका चांगला प्रश्न एकाही प्राध्यापकाने विचारला नव्हता. हे मी तात्यांना कधी सांगितलं नाही. त्यांचा आवाज आधीच मोठा होता.

मात्र नियम केला. मावशीने प्रत्येक उत्तर लिहिण्याआधी तात्यांना तोंडी सांगायचं. तात्यांनी तो प्रश्न विचारल्यावर अडखळली, तर उत्तर कच्चं.

पहिला बळी गेला कापड धुण्याचा धडा. रोममधले परीट लोकर धुवायला शिळं मूत्र वापरत. सार्वजनिक मुताऱ्यांतून ते गोळा व्हायचं. एका सम्राटाने त्यावर कर बसवला. त्याचा मुलगा म्हणाला, शी, असला पैसा. बापाने नाणं त्याच्या नाकाशी धरलं आणि विचारलं, वास येतो का?

मावशीने पदर तोंडाला लावला. "हे लिहू? तपासनारा गुरुजी काय म्हनतीन?"

गजाननला काहीच विचित्र वाटलं नाही. "आमच्या खात्यात अमोनियाचा ड्रम उघडला का असाच वास येते. त्यायचा ड्रम चालता-फिरता होता, एवढंच."

मावशी धीर करून तात्यांपुढे बसली आणि सगळं सांगितलं.

"पैसे कोणी दिले?"

"परटांनी दिधात."

"कोणाला?"

"राजाले."

"आणि ज्यांनी माल पुरवला, त्यांना काय मिळालं?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं.

गजानन म्हणाला, "हलकं वाटलं असन त्यायले."

* * *

रोम शहरात एक टेकडी आहे, ती तेलाच्या रांजणांच्या खापरांची. दूर दूरच्या प्रांतांतून ऑलिव्हचं तेल जहाजांनी यायचं. रिकाम्या रांजणात तेल मुरलेलं, ते पुन्हा वापरता येत नसे. मग फोडायचे, नीट रचायचे, वास मरावा म्हणून चुना टाकायचा. शेकडो वर्षं असं चाललं आणि डोंगर झाला.

हे ऐकून तात्या जेवढे दुखावले तेवढे रोम पडलं तेव्हासुद्धा दुखावले नव्हते.

"रिकामं भांडं फोडायचं? अरे, आमच्या गल्लीत तेलाचा रिकामा डबा घ्यायला दोन माणसं भांडतात."

मी सांगितलं की त्या खापरांवर शाईने लिहिलेलं आहे: रिकाम्या रांजणाचं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव. त्यावरूनच आज कळतं, कुठलं तेल कुठे गेलं.

"म्हणजे पार्सलवरचा मार्का," गजानन म्हणाला. मार्केटमधून रोज हजारो पार्सलं निघतात, प्रत्येकावर असंच काळ्या शाईने लिहिलेलं असतं. तो जरा वेळ आपल्या निळ्या नखांकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला रोम पहिल्यांदा दिसलं.

तात्यांची हळहळ मात्र थांबेना. "एवढा माल. फुकट."

शेवटी मावशी वैतागली. "तात्या, तुम्ही तठे व्हतात ना, तर सगळी टेकडी भंगारवाल्याले गेली असती. मना एक धडा तरी कमी व्हता."

* * *

सुभाषकाका वर्गात बसत नसत, दारात उभे राहत. त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट अर्धीच कळायची.

एका रविवारी मी शिकवत होते की महागाई हाताबाहेर गेल्यावर एका सम्राटाने शेकडो वस्तूंचे जास्तीत जास्त भाव ठरवून दगडात कोरून लावले. जास्त घेणाऱ्याला देहदंड. काका इथपर्यंत थांबले, मान डोलावली आणि गेले. माल बाजारातून गायब झाला, हा पुढचा भाग त्यांनी ऐकलाच नाही.

पुढच्या रविवारी हॉलच्या भिंतीवर रंगवलेली पाटी: 'येथे चहा एक रुपयापेक्षा जास्त दराने विकू नये. हुकमावरून.'

आमचा चहावाला रमणभाई पाटी वाचून हसला. "सारू, शेठ," म्हणत त्याने होकार दिला. त्या दिवशी कप अर्धा आला. त्यापुढच्या रविवारी चहा पाण्यासारखा आला. तिसऱ्या रविवारी रमणभाईच आला नाही. काकांचं चहाशिवाय डोकं दुखतं. दहा वाजता ते दारात येऊन रस्त्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "काका, त्या सम्राटाचंही असंच झालं होतं."

"त्याला मंडळ चालवायचा अनुभव नव्हता."

गजानन वहीत बघत म्हणाला, "राज्य चालवायचा होता म्हनते."

तात्यांनी पेपर खाली केला. "सुभाष, त्या पाटीच्या रंगाचे पैसे कोणी दिले?"

पाटी काकांनी उतरवली नाही. काका कधी माघार घेत नाहीत. त्यांनी 'एक' या शब्दाच्या आधी खडूने 'साधारण' लिहिलं. रमणभाई दीड रुपयाने परत आला.

* * *

नाण्यांचा धडा मावशीला सगळ्यात जड गेला. रोमन राजांनी पैसा कमी पडला की नाण्यातली चांदी कमी करायची, असं करत करत शेवटी आत तांबं आणि वर चांदीचा नुसता मुलामा उरला. लोकांनी जुनी चांगली नाणी लपवली आणि नवी हलकी नाणी एकमेकांच्या गळ्यात मारली.

"फाटकी नोट पहिले चालवतो, तसं," गजानन म्हणाला.

पण मावशीला साल आणि राजा यांची जोडी काही लागेना. एकाचं पाप दुसऱ्याच्या नावावर. मी तिच्यावर ओरडले. आपल्या आईच्या वयाच्या बाईवर ओरडले, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

तात्या उठून घरी गेले आणि रुमालात तीन रुपये बांधून आणले. एक इंग्रजांच्या वेळचा, चांदीचा. एक लढाईच्या काळातला, चांदी निम्म्यावर आणलेला. एक त्यानंतरचा, त्यात चांदीच नाही.

"सराफ नाणं फरशीवर टाकून ऐकायचे, असं तूच सांगितलंस ना? मग वाचून काय शिकवतेस?"

त्यांनी मावशीला पाठमोरं बसवलं आणि एकेक नाणं फरशीवर टाकलं. मावशीने तिन्ही ओळखली. मग आम्ही क्रम बदलला. तरी ओळखली. गजाननने मध्येच खिशातला आजचा रुपया टाकला. मावशी वळलीसुद्धा नाही. "हाऊ तुना."

"मावशी, कसं कळतं?"

"सोळा वरीस मी टोल देस, पोरी. निंबले रेल्वेना रूळ टांगेल शे, त्यावर लोखंडनी सळई हानस. लोखंड कसं बोलस, पितळ कसं बोलस, चांदी कशी बोलस, ते माले नको शिकाडू."

त्या दिवसानंतर नाण्यांच्या धड्यात तिची एकही चूक झाली नाही. प्रत्येक राजाला तिने एक आवाज देऊन टाकला. शेवटच्यांना ती 'बद्द' म्हणायची.

* * *

परीक्षेच्या आधी मी सगळ्यांना पॅसेंजरने भरूचला नेलं. रोमन मालाची जहाजं जिथे लागायची ते बंदर आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे, हे मी महिनाभर इतक्यांदा सांगितलं होतं की तात्या धुतलेलं धोतर नेसून आले.

नर्मदेच्या काठावर गाळ होता, दोन होड्या होत्या आणि एक माणूस म्हैस धूत होता.

"हे तुझं बंदर?" तात्या म्हणाले. म्हशीने वळून पाहिलं.

मी हरले नाही. तिथेच काठावर उभी राहून सांगितलं. भरतीचा जोर इतका, की परक्या जहाजांना रस्ता दाखवायला इथले कोळी होड्या घेऊन समुद्रात पुढे जायचे. रोमहून दारू, तांबं, पोवळं, चांदीसोन्याची नाणी यायची. इथून सुती कापड, हस्तिदंत, मिरी जायची. आणि तिकडे रोममध्ये एक विद्वान म्हातारा कुरकुरत लिहून गेला, की बायकांच्या नटण्यामुरडण्यापायी आपला केवढा पैसा दरवर्षी हिंदुस्थानात जातो.

"म्हातारे तेव्हाही असेच होते," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.

तात्या नदीकडे बघत होते. मावशी खारी शिंग, म्हणजे तिथले खारे शेंगदाणे, सोलत होती. ती म्हणाली, "त्या बायांनी आंगवर घेतलं नसतं, तर हाई गावना विनकर काय खाता?"

मग तात्या म्हणाले, "म्हणजे पैसे बायकांनी दिले."

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः दिलेलं मी एवढं एकदाच ऐकलं.

* * *

पेपर नंदुरबारला होता. मी मावशीबरोबर गेले, फाटकाबाहेर तीन तास उभी राहिले. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

"अर्धा तास काहीच लिव्हता येईना, पोरी. मंग म्या समोरच्या खुर्चीवर तात्या बशेल शेतस असं धरलं. आन् लिव्हत गेले."

"छान की मग."

"तीर्थरूप तात्यांस, साष्टांग नमस्कार. असं लिव्हीसन."

तिने पूर्वेकडच्या व्यापारावरचा अख्खा निबंध पत्र म्हणून लिहिला होता. सहा पानं. मायना खोडायची आठवण वेळ संपल्यावर झाली. परतीच्या गाडीत मला समोर ती कारकुनाची खुर्ची दिसत होती आणि तिच्यात बाहेरचा कोणी माणूस बसलेला.

निकाल लागला. मावशीला एकसष्ट मार्क. मी हाच पेपर दिला तेव्हा मला अठ्ठावन्न होते.

तो परीक्षक कोण होता ते आम्हाला कळलं नाही. तात्या कोण, हे त्यालाही कळलं नसेल. पेढा हातात घेऊन तात्या मात्र नाराज होते.

"सहा पानांचं पत्र लिहिलंस. मला एकही आलं नाही."

* * *

राहिली मुलाखत. शाळेच्या समितीत तिघे: शाळेचे अध्यक्ष, हेडमास्तर आणि मंडळातर्फे आमचे सुभाषकाका. आदल्या दिवशी काका जेवताना म्हणाले, "ज्योती, वत्सलाबाईला फार आशेवर ठेवू नकोस. शाळेच्या अध्यक्षांचा भाचा रांगेत आहे."

"नियम आहे, काका."

"नियम आहेच. पण ती कामाला योग्य नाही, असं ठरवता येतं ना."

मी ताटावरून उठले. काका म्हणाले, "बघ, हिचं हे असं."

मुलाखतीला मी आणि तात्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दाराला नुसता पडदा होता, आतलं सगळं ऐकू येत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "रोमचा इतिहास. वा. त्याचा आमच्या शाळेला काय उपयोग, बाई?"

टेबलावर काहीतरी जाड ठेवल्याचा आवाज आला.

"बरं, कारकुनाला निदान वाचता आलं पाहिजे. हे डेडस्टॉक रजिस्टर घ्या. शाळेच्या मालकीच्या सगळ्या वस्तूंची यादी आहे. कुठलंही पान उघडा आणि मोठ्याने वाचा."

पानाचा आवाज आला. मावशी शाळेतल्या मुलीसारखी, एकेक शब्द सुटा करून वाचायला लागली. "टेबल, सागवानी, नग दोन. खुर्च्या, लोखंडी, नग सहा. घंटा, पितळी, मोठी, नग एक."

ती थांबली.

"पुढे?"

"साहेब, ही घंटा कधी घेतली?"

"लिहिलंय ना समोर. दोन वर्षं झाली. वाचता येत नाही का?"

"वाचता येतं, साहेब," मावशी म्हणाली. "सोळा वर्षं मीच वाजवते. झाडाला रूळ टांगलेला आहे. लोखंडाचा."

हेडमास्तर खोकले. काका खोकले.

बाकावर तात्या माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग पैसे कोणी दिले?"

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी तिथे दोन गोष्टी नव्या होत्या. ऑफिसात कारकून, आणि कडुनिंबाला मोठी, चकचकीत, पिवळी घंटा. मावशी नवी साडी नेसून फाटकातून आली, सरळ ऑफिसात न जाता झाडाखाली थांबली. घंटेला नखाने टिचकी मारली, कान लावून ऐकलं.

"हाई खरी शे," ती म्हणाली, आणि सही करायला आत गेली.